दर काही महिन्यांनी फॉरमॅट मारावा लागतोय? पुन्हा विंडोज टाकायच्या आधी एवढं बघून घ्या

प्रॉब्लेम असा. पीसी चालू केला की "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" येतं, गोल फिरत राहतं, मग निळी स्क्रीन, रिस्टार्ट, परत तेच. कधी नशिबानं चालू झालाच तर इतका स्लो की टास्क मॅनेजर उघडायलाच पाच मिनिटं, आणि उघडल्यावर त्यात डिस्क १०० टक्के. फॉरमॅट मारला की दोन-चार महिने एकदम मस्त चालतो आणि मग ये रे माझ्या मागल्या.

आमच्या घरी हे दोन वर्षांत तीनदा झालं. पीसी बाबांचा, ते सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे त्यात सोसायटीची पत्रं, मीटिंगची इतिवृत्तं, मेंटेनन्सचे हिशोब आणि वर घरातले २००९ पासूनचे सगळे फोटो. पहिल्या दोन वेळा दुकानात दिला, त्यांनी फॉरमॅट करून दिला आणि दोन्ही वेळा काहीतरी गेलं. पहिल्यांदा डेस्कटॉपवर ठेवलेला एक अख्खा फोल्डर गेला, कारण दुकानदारानं विचारलं "डीमध्ये आहे ना सगळं?" आणि बाबा म्हणाले हो. दुसऱ्यांदा फाइल्स सगळ्या होत्या पण उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा. तिसऱ्यांदा मी दोन दिवस सुट्टी काढून घरी गेले आणि स्वतः केलं, तेव्हा कळलं की विंडोज टाकणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, खरा वेळ त्याच्या आधीच्या तयारीला लागतो आणि तोच कोणी देत नाही.

आधी बघा की हा आजार फॉरमॅटनं बरा होणारा आहे का

एकदा फॉरमॅट करून प्रॉब्लेम वर्षभर आला नाही तर ठीक, विंडोजमध्येच काहीतरी बिघडलं होतं. पण दोन-चार महिन्यांत तोच प्रॉब्लेम परत आला तर शंका विंडोजवर नको, हार्डवेअरवर घ्या. आणि पहिली शंका हार्ड डिस्कवर.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका आणि उघडा. वर निळ्यात "गुड" आलं तर बरं, पिवळ्यात "कॉशन" आलं तर डिस्क जायच्या मार्गावर आहे असं धरून चला. खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ ह्या तीन ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झालेले आणि डिस्कनं बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर, सी६ म्हणजे जे दुरुस्त होतच नाहीत ते. तिन्हीपुढचा रॉ आकडा शून्य हवा. (हा आकडा सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे आकड्यांत ए ते एफ अक्षरं मिसळून दिसतो, फंक्शन मेनूत जाऊन साधा डेसिमल करता येतो, नाहीतर उगाच गोंधळ होतो.) बाबांच्या डिस्कवर सी५ शून्य नव्हता, आणि दोन दिवसांनी पुन्हा बघितला तर वाढलेला होता. झालं, तिथंच उत्तर मिळालं. फॉरमॅट केल्यावर फाइल्स नव्यानं चांगल्या जागी लिहिल्या जायच्या म्हणून काही महिने बरं वाटायचं, मग विंडोजची एखादी महत्त्वाची फाइल खराब सेक्टरवर अडकली की परत तेच चक्र सुरू. अशा डिस्कवर दहा वेळा विंडोज टाकलं तरी उपयोग नाही, डिस्कच बदलायला लागते.

सी७ वाढत असेल तर मात्र डिस्क चांगली असू शकते, डिस्क आणि मदरबोर्डच्या मधली साटा केबल सैल किंवा खराब असते, ती बदलून बघा, फारच स्वस्त इलाज आहे.

अजून दोन गोष्टी ज्या फॉरमॅटनं कधीच सुटणार नाहीत. पीसी मेन स्विचपासून बंद केला की तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षाची दाखवतो, मग साइट उघडताना सर्टिफिकेटची एरर, अपडेट फेल, ॲक्टिव्हेशन फेल. हे मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपल्यामुळे होतं, सीआर२०३२ नंबरचा, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. आणि निळी स्क्रीन दर वेळी वेगवेगळ्या नावाची येत असेल तर रॅम बघा: पॉवर केबल काढून रॅम बाहेर काढायची, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घासायची, पुसून परत क्लिक होईपर्यंत बसवायची, आणि मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवायचं. हे आपल्याकडचे रिपेअरवाले वर्षानुवर्षं करत आलेत आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.

डेटा: सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह आणि मधे लपलेलं सगळं

आपल्याकडे एक पक्कं डोक्यात बसलंय की डीमध्ये ठेवलं की सेफ. सी आणि डी बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. फॉरमॅट करताना फक्त सी पुसला तर डी राहतो हे खरंय, पण डिस्कच मेली तर दोन्ही जातात, आणि इन्स्टॉल करताना कोणी भराभर सगळे पार्टिशन डिलीट केले तरी दोन्ही जातात. म्हणून डी हा बॅकअप नाही. बॅकअप म्हणजे पीसीच्या बाहेर, वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर. ती डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटची असू दे, फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही आणि लग्नाचे व्हिडिओ नेमके तेवढेच मोठे असतात.

डिस्क खराब आहे असं आधीच कळलं असेल तर कॉपी करायच्या आधी चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासायचं टूल) अजिबात चालवू नका. ते अख्खी डिस्क घासून काढतं आणि अर्धमेली डिस्क त्यातच जाऊ शकते. आधी सगळ्यात महत्त्वाचे छोटे फोल्डर, मग फोटो, मग बाकीचं. एकदम अख्खा डी सिलेक्ट करून ओढू नका कारण मधेच एक फाइल अडकली की सगळं तिथंच लटकतं आणि मग काय गेलं काय राहिलं समजत नाही. अडकलेली फाइल स्किप करा, कागदावर नाव लिहा, पुढं चला.

आता काय काय घ्यायचं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळ्यांना माहीत असतं पण हे सगळे सीमध्येच असतात हे माहीत नसतं, आमचा पहिला फोल्डर असाच गेला. सोपा उपाय म्हणजे सी ड्राइव्हमधल्या युजर्स फोल्डरमध्ये जाऊन आपल्या नावाचा फोल्डर बघा आणि व्ह्यू मेनूतून हिडन आयटम्स चालू करा, म्हणजे ॲपडेटा पण दिसेल. तो फोल्डर त्रासदायक आहे, कॉपी करताना शंभर एरर येतात, पण बऱ्याच प्रोग्रामचा डेटा तिथंच असतो. घरात एकापेक्षा जास्त युजर असतील तर प्रत्येकाचा फोल्डर वेगळा, आईचा विसरू नका.

वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स खरे वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेले असतात. तिथं फाइलपुढं ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल पीसीवर नाहीच, फक्त नाव आहे, नेट बंद असताना कॉपी होणार नाही. त्यावर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करा, डाउनलोड होऊ द्या, मग कॉपी करा. फुकटात ५ जीबीच मिळते, ती भरली की पुढचं वर जात नाही, म्हणून सगळं क्लाउडवर आहे असं गृहीत धरू नका.

ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड: क्रोममध्ये सिंक चालू आहे का आणि कुठल्या ईमेलनं आहे ते उघडून बघा, नुसतं "असेल" म्हणू नका. आउटलुक वापरत असाल तर ईमेल साठवलेली पीएसटी फाइल, सहसा डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्समध्ये सापडते. स्टिकी नोट्सकडं तर कोणाचंच लक्ष जात नाही, आणि बाबांनी सगळ्या खात्यांचे ग्राहक क्रमांक त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवरच लिहिलेले होते, त्या मी एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून घेतल्या.

टॅली असेल तर कंपनी निवडताना डेटाचा पाथ दिसतो, तिथं जाऊन आकड्यांच्या नावाचे फोल्डर कॉपी करा, टॅलीतला स्वतःचा बॅकअप पण घ्या आणि फॉरमॅटच्या आधी लायसन सरेंडर करा, नाहीतर नंतर परत ॲक्टिव्हेट करताना खेटे घालावे लागतात. डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन असेल तर सही टोकनमध्ये असते, ती पुसली जात नाही, फक्त त्याचा ड्रायव्हर (तो चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) परत टाकायला लागतो.

मराठी फॉन्ट, हे कोणीच सांगत नाही

मला हे लिहावंसं वाटलं ते ह्याच्यासाठीच. आपल्याकडे हजारो घरांत, छोट्या ऑफिसांत, सोसायट्यांत, शाळांत जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल्स आहेत: शिवाजी, श्रीलिपीचे फॉन्ट, सुरेख, योगेश, कृतिदेव. ह्या फाइल्समध्ये खरं तर मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि तो फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. फॉरमॅट झाला, फॉन्ट गेला की वर्ड दुसराच फॉन्ट लावतं आणि मग तो चिवडा दिसतो. फाइल खराब झालेली नसते. तोच फॉन्ट परत टाकला की सगळं जसंच्या तसं दिसतं.

पण आम्हाला दुसऱ्या वेळी हे माहीत नव्हतं. बाबांना वाटलं दहा वर्षांची पत्रं गेली, ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. दुकानात विचारलं तर "फाइल करप्ट झाली" सांगितलं. शेवटी त्यांच्या एका मित्राच्या पीसीवर तोच फॉन्ट निघाला, तो आणून टाकला आणि पहिलं पत्र उघडलं तेव्हा ते स्क्रीनसमोर बसून राहिले. ही वेळ कोणावर येऊ नये.

तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स फोल्डर, तिथून आपण वापरतो ते सगळे मराठी फॉन्ट कॉपी करून बॅकअपमध्ये पेस्ट करा. कुठला फॉन्ट आहे माहीत नसेल तर जुनी फाइल वर्डमध्ये उघडा, मजकूर सिलेक्ट करा, वर नाव दिसेल ते लिहून घ्या. पाच-सहा वेगवेगळ्या वर्षांच्या फाइल्स उघडून बघा कारण मधेच कोणीतरी फॉन्ट बदललेला असतो. श्रीलिपीसारखं विकतचं सॉफ्टवेअर असेल तर सीडी, लायसनचा कागद आणि डोंगल असेल तर तो, सगळं एका पिशवीत. आणि ज्या कागदांची पुढं नक्की गरज लागणार, म्हणजे ठराव, करार, दाखले, ते फॉन्ट जाग्यावर असतानाच पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो.

ज्यांना गूगल इनपुटच्या जुन्या विंडोजवाल्या सॉफ्टवेअरची सवय आहे त्यांनी, सेटअप फाइल जपून ठेवली नसेल तर फॉरमॅटनंतर ती गूगलकडं शोधून उपयोग नाही, त्यांनी ते डाउनलोड बंद केलंय. पण २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आलाय, सेटिंग्जमध्ये भाषा मराठी ॲड केली की मिळतो, त्यात टाइप केलेलं युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत असतं आणि मग हा फॉन्टचा जाचच राहत नाही.

लायसन, की आणि ड्रायव्हर

सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडा. "डिजिटल लायसन लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट" असं असेल तर निवांत, त्याच मदरबोर्डवर तीच एडिशन टाकली की आपोआप ॲक्टिव्हेट होतं, इन्स्टॉल करताना "आय डोंट हॅव अ प्रॉडक्ट की" करायचं. एडिशन लिहून ठेवा, होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो, कारण आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर सिंगल लँग्वेज येतं आणि लोक प्रो टाकून बसतात, मग ॲक्टिव्हेट होत नाही म्हणून ओरड. लॅपटॉपबरोबर मिळालेलं ऑफिस पण एका ईमेलला बांधलेलं असतं. तो ईमेल कुणी उघडला, पासवर्ड काय, हे फॉरमॅटच्या आधी लॉगिन करून बघा. दुकानातच कोणीतरी घाईत ईमेल बनवून दिलेला असतो आणि नंतर कुणालाच आठवत नाही.

विंडोज ११ च्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असू शकतं, तुम्ही कधी चालू केलं नसेल तरी. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, प्रत्येक ड्राइव्हची वेगळी असते, दिसतील तेवढ्या सगळ्या कागदावर लिहा. डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावली किंवा डी तसाच ठेवून फक्त सीवर विंडोज टाकलं तर त्या ड्राइव्हची की मागणार आणि नसेल तर डेटा गेला, कोणी काढून देऊ शकत नाही.

ड्रायव्हरमध्ये जास्त काही नाही, लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचाच, पेनड्राइव्हवर घ्या. प्रिंटरचा पण. वायफाय दिसलंच नाही तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, बहुतेक वेळा चालतं. इंटेलच्या अकराव्या जनरेशनच्या प्रोसेसरपासूनच्या लॅपटॉपवर एक वेगळी भानगड आहे, इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही. डिस्क खराब झाली म्हणून घाबरू नका, इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उघडून ठेवा आणि त्या स्क्रीनवर "लोड ड्रायव्हर" करा.

पेनड्राइव्ह आणि प्रत्यक्ष इन्स्टॉल

विंडोजचा पेनड्राइव्ह बनवायला मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल, कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यातलं सगळं पुसलं जाणार. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे पीसी बसत असेल तर ११ च टाका. ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) लागतं आणि पुष्कळ पीसींमध्ये ते असतं पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या सेटिंग्ज) बंद असतं, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावानं शोधा. बाबांचा पीसी नवव्या जनरेशनचा, चालणारा होता, पण दुकानवाल्यानं दोन्ही वेळा लेगसी मोडमध्ये (पीसी सुरू करायची जुनी पद्धत) १० टाकलं होतं, म्हणून पीसी ११ ला नाही म्हणत होता. बायोसमध्ये यूईएफआय (त्याचीच नवी पद्धत) केलं, पीटीटी चालू केलं, झालं.

बूट मेनूत (पीसी कशावरून सुरू करायचा ते निवडायची यादी) पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो निवडा. "सिलेक्टेड डिस्क इज ऑफ द जीपीटी पार्टिशन स्टाइल" ही एरर येते ती दुसरा निवडल्यामुळेच. आणि डेटा पुसायच्या आधी एकदा ह्या पेनड्राइव्हवरून भाषेच्या स्क्रीनपर्यंत जाऊन बघा, तो चालतो ह्याची खात्री करा, मग बंद करून या. मी हे केलं आणि पहिला पेनड्राइव्ह चाललाच नाही, तेव्हा जुनं विंडोज जिवंत होतं म्हणून दुसरा बनवता आला.

विंडोज आधीच चालू होत नसेल तरी डेटा काढता येतो. त्याच पेनड्राइव्हवरून बूट करून पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी येईल, त्यात नोटपॅड टाइप करा, फाइल, ओपन, खाली "ऑल फाइल्स" करा आणि त्या खिडकीतच राइट क्लिकनं कॉपी-पेस्ट होतं. ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात आणि प्रोग्रेस बार दिसत नाही, म्हणून थोडं थोडं करा.

इन्स्टॉलच्या वेळी ज्या डिस्कवर विंडोज जाणार तेवढीच आत ठेवा, बाकी सगळ्यांच्या केबल काढा, एक्स्टर्नल पण. चुकून दुसरी पुसली जाऊ नये हे तर आहेच, पण विंडोजला सवय आहे की बूटचा भाग आधीपासून असलेल्या दुसऱ्या डिस्कवर टाकायचा आणि मग ती डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही. मी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी नवीन एसएसडी लावली, जुनी पूर्ण काढली, रिकाम्या जागेवर नेक्स्ट केलं, बाकीचं विंडोजनं स्वतःच केलं.

बॅकअप पुरा झाला की नाही हे मात्र पुसायच्या आधी बघायचं: दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइल्सची संख्या जुळवा, आणि दुसऱ्याच पीसीवर एक्स्टर्नल डिस्क लावून दहा-बारा फाइल्स उघडा, त्यात एक जुनी मराठी फाइल हवीच. ज्याचा डेटा आहे त्या माणसाला शेजारी बसवा. बाबांनी बसल्याबसल्या असे तीन फोल्डर सांगितले जे मला कधीच सापडले नसते.

नवीन विंडोज आल्यावर आधी अपडेट, मग ॲक्टिव्हेशन बघायचं, मग फॉन्ट, मग प्रिंटर, आणि शेवटी डेटा. युपीएसची बॅटरी पण तेव्हाच बदलून टाकली, कारण लिहिता लिहिता लाइट गेली की फाइल्स अर्धवट राहतात आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाइट रोजच जाते. तेव्हापासून आता आठ महिने झाले, तो गोल फिरणारा रिपेअर काही दिसला नाही.

जुनी डिस्क मी पुसली नाही, तारीख लिहून कपाटात ठेवली. गेल्या महिन्यात सोसायटीच्या ऑडिटला २०१४ चा एक ठराव लागला, तो नव्या एसएसडीवर नव्हता, माझ्या त्या स्किप केलेल्या फाइल्सच्या कागदावर त्याचं नाव होतं. डिस्क यूएसबी केबलनं लावली, दोनदा अडकली, तिसऱ्यांदा फाइल कॉपी झाली.